सीपीयू तापला की रहाट पळतो: हलत्या कॅबिनेटची आतली गोष्ट

रात्री दीडच्या सुमारास माझ्या टेबलावरून गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज येत होता. कॉम्प्युटर शांत होता, फॅनही जवळजवळ थांबलेले. आवाज छपरातून येत होता. घराच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या छपरातून. मी घरी बनवलेल्या कॅबिनेटला लाल कौलांचं उतरतं छप्पर आहे. आतला प्रोसेसर तापला की एक छोटी मोटर ते वर उचलते आणि निवला की मिटते. त्या रात्री ते मिटलेलं होतं, निदान डोळ्यांना तरी. पण मी मोटरला जो कोन सांगून ठेवला होता तो चौकटीच्या तीन अंश पलीकडचा होता. चौकट हलणार नव्हती आणि मोटर हट्ट सोडणार नव्हती. हात लावला तर चटका बसला. सकाळी उघडून पाहिलं तर तिच्या आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे चार दात भुगा होऊन पडले होते.

हलणारी वस्तू करायला घेतली की आपलं सगळं ध्यान ती हलेल कशी याकडे लागतं. ते काम एका दुपारी होतं. पुढचे चार महिने जातात ते तिला थांबवण्यात. कुठे थांबायचं, कोणी थांबवायचं, थांबल्यावर जागेवर टिकायचं कसं, आणि मधेच वीज गेली किंवा तार तुटली तर कोणत्या स्थितीत थांबलेलं बरं. हलणाऱ्या कॅबिनेटमध्ये समजून घेण्यासारखं जे आहे ते बहुतेक या थांबण्यात आहे, म्हणून त्याच अंगाने सांगतो.

आधी साधं कॅबिनेट काय करतं ते पाहू. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात ती पाटी), एसएमपीएस (घरची वीज कॉम्प्युटरजोगी करणारा डबा), डिस्क या वस्तू एकमेकींना न टेकता धरून ठेवणं, थंड हवेला आत यायची आणि गरम हवेला बाहेर जायची वाट देणं, धूळ आणि बोटं लांब ठेवणं. एवढंच. मापं ठरलेली आहेत म्हणून आपण कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही डब्यात बसवू शकतो. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स प्रकारात बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. व्हियाने २००१ मध्ये आणलेला मिनी-आयटीएक्स फक्त १७० बाय १७० चा. हलणाऱ्या कॅबिनेटसाठी हा धाकटा बोर्ड घ्यावा असं मी सांगेन, कारण डब्यातली जागा आता कॉम्प्युटर आणि यंत्र यांच्यात वाटली जाणार असते आणि यंत्राला नेहमी आपण धरली त्याच्या दीडपट जागा लागते.

हलणारी कॅबिनेटं कंपन्यांनीही केली आहेत. तैवानच्या इन विन कंपनीने २०१५ साली तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात एच-टॉवर नावाचं कॅबिनेट मांडलं होतं. बटण दाबलं की त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाजू फुलासारख्या उमलायच्या. देखणं होतं, पण ते उमलणं कॉम्प्युटरशी कशाने बांधलेलं नव्हतं. मला हलण्याला काही कारण हवं होतं. पुण्यात गणपतीचे हलते देखावे पाहत वाढलेल्या माणसाला एवढं तरी कळतं की राक्षसाची मान नुसती डुलत राहिली तर पोरं पाच मिनिटांत पुढच्या मंडळाकडे जातात. ती कशामुळे डुलते हे दिसलं पाहिजे.

रहाट का

आमचं आजोळ रेवदंड्याकडचं. नारळी-पोफळीची वाडी, मधे विहीर, आणि विहिरीवर माझ्या आठवणीत तरी मोडक्याच अवस्थेत असलेला रहाट. पंप येण्याआधी बैल गोल फिरायचा, त्याच्या फेऱ्यांनी एक आडवं चाक फिरायचं, त्या चाकाच्या खुंट्या दुसऱ्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकायच्या, उभ्या चाकावरून गाडग्यांची माळ विहिरीत उतरायची, भरून वर यायची आणि पन्हळीत रिती व्हायची. तिथून पाटाने पाणी झाडांना. कॉम्प्युटरमध्येही हेच चाललेलं असतं: उष्णता खालून उचलायची आणि बाहेर नेऊन ओतायची. म्हणून ठरवलं की सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तापेल तसा बैल जोरात चालेल, आणि फारच तापला तर विहिरीवरच्या खोपटाचं छप्पर उघडेल. पाणी अर्थातच नाही. मातीची बोळकी तुळशीबागेतल्या भातुकलीच्या संचातली, चौदा.

तर दोन हालचाली. एक सतत गोल फिरणारी, रहाटाची. दुसरी इथून तिथे जाऊन थांबणारी, छपराची. जगातल्या बहुतेक हलत्या देखाव्यांत या दोनच जाती सापडतात आणि दोघींना लागणाऱ्या मोटरी वेगळ्या.

छपराला सर्व्हो लागते. सर्व्हो म्हणजे साधी मोटर, तिला जोडलेले वेग कमी करणारे गिअर आणि आपण आत्ता कुठल्या कोनात आहोत हे मोजणारा एक छोटा पॉट, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसा. तिला दर २० मिलिसेकंदांनी विजेचा एक स्पंद पाठवायचा. स्पंद १ मिलिसेकंदाचा असला तर एका टोकाला, २ चा असला तर दुसऱ्या टोकाला, मधला असला तर मधे. ती सांगितलेला कोन आणि खरा कोन ताडून पाहते आणि फरक दिसेल तोवर जोर लावते. तिला "अडलो" हे कळत नाही, फक्त "अजून पोहोचलो नाही" एवढंच कळतं. वाट अडली की पूर्ण ताकद, पूर्ण करंट, आणि तो करंट उष्णतेत जातो. माझ्या गांधीलमाशीचं हे मूळ. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. शेवटचा कोन चौकटीच्या दोन अंश अलीकडे ठेवायचा आणि उरलेली फट छपराच्या स्वतःच्या वजनाने मिटू द्यायची. आणि छप्पर मिटून जागेवर गेलं की सर्व्होला स्पंद पाठवणंच बंद करायचं. स्पंद नाही तर हट्ट नाही.

पण वजनाने मिटू द्यायचं तर वजनाचा हिशेब हवा. इथे टॉर्क समजून घ्यावा लागतो, आणि तो घरच्या दारावर समजतो. दार मुठीजवळ एका बोटाने ढकलता येतं, बिजागरीजवळ ढकलायला खांदा लावावा लागतो. जोर आणि बिजागरीपासूनचं अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. माझं छप्पर कौलांसकट ३५० ग्रॅमचं, आणि त्याच्या वजनाचा मध्य बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर. ०.३५ गुणिले १० म्हणजे ३.५ किलो-सेंटिमीटर. बाजारात सगळ्यात जास्त खपणारी निळी ९ ग्रॅमची सर्व्हो तिच्या कागदावर १.८ लिहून येते. म्हणजे माझी पहिली सर्व्हो शेवटच्या कोनात अडकली नसती तरी कधीतरी गेलीच असती.

मोठी सर्व्हो घेता येते. पण मोठी सर्व्हो मोठ्याने कुरकुरते, आणि काही अडकलं तर जास्त नासधूस करते. त्यापेक्षा रेल्वे फाटकाकडे पाहावं. एवढा लांब दांडा फाटकवाला हाताने उचलतो, कारण अलीकडच्या आखूड टोकाला जड वजन लटकवलेलं असतं. छपराच्या मागच्या बाजूला, बिजागरीच्या पलीकडे १० सेंटिमीटरवर मी ३०० ग्रॅमचे लोखंडी वॉशर दोऱ्यात ओवून लपवले. उरलं ०.५ किलो-सेंटिमीटर. तीच छोटी सर्व्हो, या वेळी धातूच्या गिअरची, आता निवांत उचलते. मुद्दाम पुरतं समतोल केलं नाही. थोडं वजन मिटण्याच्या बाजूला ठेवलं, म्हणजे सर्व्होने हात सोडला की छप्पर हळूच खाली येऊन बसतं.

इथे एखादा चाणाक्ष वाचक विचारेल, आणि विचारलंच पाहिजे, की मग सर्व्हो मेली तर छप्पर मिटलेलंच राहणार आणि आत प्रोसेसर भाजणार! बरोबर. म्हणूनच या सगळ्या प्रकारातला सर्वांत महत्त्वाचा नियम हा की थंड ठेवायचं काम हलणाऱ्या भागाच्या भरवशावर सोडू नये. कोकणातल्या घरांत भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वळचणीला मोकळी जागा असते, धूर आणि उकाडा तिथून जातो. माझ्या छपराखाली चारी बाजूंनी २५ मिलिमीटरची वळचण आहे. गरम हवा तिथून जाते. छप्पर उघडल्यावर तापमान तीन-चार अंशांनी आणखी उतरतं ते निव्वळ वरकड. परीक्षा अगदी साधी: दोन्ही मोटरींच्या वायरी उपटायच्या आणि प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून एक तास बसायचं. तापमान हद्दीत राहिलं तर तुमचं कॅबिनेट पास. नाही राहिलं तर ते शोभेचं भांडं आहे, त्यात कॉम्प्युटर ठेवू नका.

माळ मागे का सरकायची

आता रहाट. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजाही आली.

गोल फिरवायला मी स्टेपर मोटर घेतली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा टिक, टिक करत टप्प्याटप्प्याने सरकतो तसं हिचं चालणं. ४२ मिलिमीटरच्या चौरस तोंडाची, नेमा १७ म्हणतात ती मोटर एका फेऱ्यात २०० टप्पे घेते, म्हणजे एक टप्पा १.८ अंशांचा. तिला चालवणारी छोटी सर्किटपाटी, म्हणजे ड्रायव्हर, त्या प्रत्येक टप्प्याचे आणखी १६ तुकडे करते, मग एका फेऱ्याला ३,२०० बारीक पावलं. बैल मिनिटाला चार फेरे घालतो तेव्हा सेकंदाला साधारण २१३ पावलं पडतात आणि डोळ्यांना ती एकसंध चाल दिसते. ड्रायव्हर मात्र शांत जातीचा घ्यावा, टीएमसी२२०९ सारखा. जुना स्वस्त ए४९८८ लावला तर मोटर गुणगुणते, आणि लाकडी डब्यावर बसवलेली गुणगुणणारी मोटर म्हणजे तंबोऱ्याला भोपळा. मोटरखाली कॉर्कची चकती ठेवली की निम्मा आवाज तिथेच जिरतो.

दोन चाकांच्या खुंट्यांनी मला बराच काळ छळलं. आजकालच्या गिअरचे दात एका विशिष्ट वळणाचे असतात, त्यामुळे एक चाक एकसारखं फिरलं तर दुसरंही एकसारखं फिरतं. त्यांचा हिशेबही सुटसुटीत आहे: दाताचं माप, म्हणजे मॉड्यूल, १ असेल आणि चाकांना २० आणि ६० दात असतील, तर दोन शाफ्टमधलं अंतर २० अधिक ६० भागिले २, म्हणजे बरोबर ४० मिलिमीटर. छोट्या चाकाने मोठं फिरवलं तर वेग तिसरा हिस्सा, टॉर्क तिप्पट. रहाटाच्या खुंट्यांना असलं काही नसतं. गोल दांडके, एकमेकांत शिरणारे. एक खुंटी सुटते, दुसरी धरते, मधे चाक किंचित दचकतं. खऱ्या रहाटाची ती लय मला हवीच होती म्हणून सागाच्या २४-२४ खुंट्या लावल्या, मापाला काटेकोर, अजिबात फट न ठेवता. फिरवलं तर पाव फेऱ्यात दातखीळ बसली.

आमच्याकडे एक मिस्त्री आहेत, सुतारकाम आणि लेथ दोन्ही जाणणारे. त्यांनी चाक हातात घेऊन मागे-पुढे हलवलं आणि म्हणाले, "साहेब, याला प्ले कुठाय? श्वास घ्यायला जागा ठेवा जरा." प्ले म्हणजे दोन भागांमधली मुद्दाम ठेवलेली ढिलाई. हाताने केलेल्या खुंट्या कधीच एकसारख्या नसतात, एखादी अर्ध्या मिलिमीटरने जाड असतेच. फट ठेवली नाही तर सगळ्यात जाड खुंटी सगळ्या यंत्राला थांबवते. कानसीने घासून ०.६ मिलिमीटरची फट केली आणि चाकं फिरली. खुंट्यांना तेल लावू नका. लाकूड तेल पितं आणि वर धूळ धरतं. मेण चोळा. प्लास्टिकचे गिअर असतील तर सिलिकॉन ग्रीस.

मग आला खरा पेच. रहाट चालू असताना छान चालायचा. प्रोसेसर निवला की मी स्टेपरचा करंट बंद करायचो, कारण स्टेपर नुसती उभी असतानाही करंट खाते आणि तापते. करंट बंद झाला की माळ दोन-तीन खुंट्या मागे सरकायची. खट्, खट्, आणि मग थांबायची. कधी व्हायचं, कधी नाही. प्रोग्रॅममध्ये तीन दिवस चूक शोधली. चूक बोळक्यांत होती. कुंभाराच्या हातची ती, एक १५ ग्रॅमचं तर दुसरं २२ ग्रॅमचं. माळेची एक बाजू दुसरीपेक्षा कधी ४० ग्रॅमपर्यंत जड होत होती. उभ्या चाकाची त्रिज्या ६ सेंटिमीटर, म्हणजे ०.२४ किलो-सेंटिमीटरचा ओढा. करंट असताना ही मोटर तीन-चार किलो-सेंटिमीटर सहज धरून ठेवते. करंट नसताना तिच्यात चुंबकांची नुसती किंचित पकड उरते, आणि ती एवढा ओढा पेलत नव्हती. जड बाजू वर चढणारी असेल तेव्हा माळ मागे घसरायची, उतरणारी असेल तेव्हा नाही. म्हणून कधी होई, कधी नाही.

मामाला फोनवर हे सांगितलं. तो हसायलाच लागला. "अरे, खिट्टी नाही लावलीस? बैल थांबला की भरली गाडगी चाकाला उलटं फिरवणारच. बैलाच्या मागल्या पायावर आडवा दांडा बसेल!" खऱ्या रहाटात तर एका बाजूची गाडगी भरलेली आणि दुसरीकडची रिकामी, म्हणजे ओढा कायमचा. म्हणून चाकाच्या दात्यांवर एक लाकडी खिट्टी रेललेली असते. पुढे जाताना ती दात्यांवरून टकटक करत उड्या मारते आणि चाक मागे फिरू लागलं की दात्यात रुतते. पंजाबात या खिट्टीला कुत्ता म्हणतात, आणि रहाट चालू असल्याची खूण म्हणजे त्याची टिकटिक. मी शिसवीचा चार सेंटिमीटरचा तुकडा एका खिळ्यावर लोंबता लावला. ना सेन्सर, ना प्रोग्रॅमची एक ओळ. माळ मागे सरकणं त्या दिवसापासून बंद. टिकटिक मात्र रात्री ऐकू येते, म्हणून खिट्टीच्या टोकाला चामड्याचा तुकडा चिकटवला आहे.

वीज, आणि जिवंत राहिलेला मेंदू

विजेबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. एसएमपीएसमधून येणाऱ्या वायरींचे रंग ठरलेले आहेत: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, म्हणजे वीज परतायची वाट. मोटरींना वीज थेट एसएमपीएसच्या चार पिनांच्या जाड कनेक्टरवरून द्यावी. मदरबोर्डवर फॅनसाठी असलेल्या पिनांवरून कधीही नको, त्या साधारण १ अँपिअरसाठी केलेल्या असतात आणि मोठी सर्व्हो अडली तर एकटीच २.५ अँपिअर ओढू शकते. आणि मधे फ्यूज हवाच. लोकांना वाटतं ५ व्होल्टला काय भ्यायचं. शॉक बसत नाही हे खरं, पण एसएमपीएसची ५ व्होल्टची बाजू पंधरा-वीस अँपिअर देऊ शकते. बारीक वायर शॉर्ट झाली तर एसएमपीएसला ते कळायच्या आत वायर लाल होते, आणि तुमचा डबा लाकडाचा आहे. ३ अँपिअरचा फ्यूज लावा. एसएमपीएसचं स्वतःचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात.

सर्व्हो सुरू होताना दचकून करंट ओढते आणि तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली जातो. तिच्या जवळच १,००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की तो झटका तोच झेलतो, घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखा. नळाला पाणी कमी आलं तरी बादली भरते.

मेंदू म्हणून अर्डुइनो नॅनो हा बोटभर कंट्रोलर बोर्ड पुरतो, मदरबोर्डच्या आतल्या यूएसबी पिनांना जोडलेला. कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी तापमान वाचून नॅनोला कळवतो. लिनक्समध्ये हे तापमान चक्क एका साध्या फाईलीत हजारपटीत लिहिलेलं मिळतं, ५४००० म्हणजे ५४ अंश. पण तो आकडा आहे तसा वापरला तर बैल पिसाळतो. आजचे प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी क्षणभर वीस अंश वर उडी मारतात. म्हणून गेल्या तीस सेकंदांची सरासरी घ्यायची. आणि छपरासाठी उघडायचा आणि मिटायचा आकडा वेगळा ठेवायचा: ७० ला उघड, ५८ ला मीट. दोन्हीसाठी ७० च धरलं तर तापमान ६९ आणि ७१ मध्ये झोके घेत असताना छप्पर मगरीच्या तोंडासारखं उघडझाप करत राहतं. फ्रिजचा कंप्रेसर सारखा चालू-बंद होत नाही तोही असाच, दोन आकड्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे.

दोन भुतं मात्र इथे भेटतात. पहिलं: कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम नॅनोशी जोडणी उघडतो त्या क्षणी नॅनो आपोआप रीसेट होतो. ती सोय आहे, नवा प्रोग्रॅम चढवता यावा म्हणून. पण रीसेट होताच सर्व्हो आपली मधल्या कोनात जायला धावते, म्हणजे दर वेळी लॉगिन केलं की छप्पर सलाम करतं. पाहुण्यांना फार आवडलं. मला नाही. नॅनोच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्होला जोडून घेण्याच्या ओळीआधीच तिला मिटलेला कोन सांगून ठेवला की हा सलाम बंद होतो.

दुसरं जास्त छुपं. कॉम्प्युटर बंद केला तरी एसएमपीएस एक जांभळी वायर जिवंत ठेवतो, ५ व्होल्टची, बटण दाबल्यावर बोर्डाला जाग यावी म्हणून. बऱ्याच बोर्डांत यूएसबीच्या पिनाही त्यावरच जिवंत राहतात. म्हणजे मोटरींची वीज गेलेली, पण नॅनो जागा. तो बिचारा पावलं टाकत राहतो आणि मोजतही राहतो. बैल मात्र जागेवर. दुसऱ्या दिवशी नॅनोच्या वहीत बैल भलतीकडे असतो. यावर इलाज म्हणजे १२ व्होल्टच्या वायरीवर १० किलो-ओहम आणि ४.७ किलो-ओहम असे दोन रेझिस्टर लावून मधून नॅनोला एक वायर नेणं. १२ व्होल्ट असतील तर तिथे ३.८ व्होल्ट दिसतात, नसतील तर शून्य. शून्य दिसलं की नॅनोने हात जोडून बसायचं. नॅनो आणि मोटरी यांचं ग्राउंड मात्र एकत्र हवं, नाहीतर एकाचं शून्य दुसऱ्याला कळतच नाही.

डबा

लाकडाबद्दल पुण्यात शिकलो ते कोकणात उपयोगी पडलं नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, लेझरवर छान कापलं जातं. लेझरची रेघ स्वतःच ०.१ ते ०.२ मिलिमीटर खाते, खाचा आखताना तेवढं कमी धरावं. पण सनबोर्ड या हलक्या फळीचा पीव्हीसी प्रकार लेझरवर देऊ नका, जळताना क्लोरीनचे विखारी वायू निघतात. शहाणा लेझरवाला स्वतःच नाही म्हणतो. थ्रीडी प्रिंटचे भाग पीएलए या प्लास्टिकचे असतील तर ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात, म्हणून गरम हवेच्या वाटेवर पीईटीजी किंवा एबीएस. माझी पहिली कौलं पीएलएची होती. उन्हाळ्यात एसएमपीएसच्या वर असलेली दोन कौलं पापडासारखी वाकली.

मे महिन्यात छप्पर चौकटीत एक मिलिमीटर फट ठेवून बसवलं होतं. जुलैमध्ये कॅबिनेट घेऊन आजोळी गेलो आणि आठवड्यात छप्पर अडकलं. एमडीएफच्या कापलेल्या कडा ब्लॉटिंग पेपरसारख्या दमट हवा पितात आणि फुगतात. घरातली लाकडी दारं पावसाळ्यात घासतात तसंच, पण दाराला खांदा लावता येतो, सर्व्होला खांदा नसतो. मामाकडचा रंधा घेऊन कडा उतरवल्या, पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात आणि वर लॅकर दिलं. आता फट दोन मिलिमीटर आहे आणि मी तिला हात लावत नाही.

बिजागरीवरून जाणाऱ्या वायरीची एक खोड सांगतो. छपरात मी एक एलईडीचा कंदील टांगला होता. त्याची वायर सरळ बिजागरी ओलांडून नेली होती आणि ती काही शे उघडझापीनंतर आतून तुटली, बाहेरून प्लास्टिक धडधाकट. वायर बिजागरीच्या दांड्याला समांतर काही सेंटिमीटर नेऊन मग पलीकडे न्यावी. मग ती वाकत नाही, पिळली जाते, आणि पीळ तारेला फार त्रास देत नाही. आतून बारीक बारीक तारांची, वरून सिलिकॉनची वायर घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मीटरच्या हिशेबाने मिळते.

शेवटी बैल. मातीचा, ९० ग्रॅमचा, आडव्या चाकाच्या लांब दांड्याच्या टोकाला. आडवं चाक असल्याने वजनाचा ओढा नाही, पण जोरात चालणारा बैल एकदम थांबवला की दांडा लवतो आणि बैल दोन सेकंद नाक खाली-वर करत राहतो. एकदा तर त्याचं शिंग विहिरीच्या कठड्याला लागून मोडलं. आता नॅनो पावलांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेतो आणि बैल पाऊण फेरा घेऊन थांबतो, थकल्यासारखा. सुरू होतानाही तसंच. प्रोग्रॅममध्ये सहा ओळी वाढल्या.

दिवाळीत मामा आला होता. कॅबिनेटसमोर खुर्ची ओढून बसला, मी मुद्दाम एक जड व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला. रहाटाने वेग घेतला, खिट्टी टकटकली, छप्पर उचललं गेलं. बराच वेळ तो बघत राहिला.

"सगळं केलंस रे," तो म्हणाला, "पण बैलाला झापड नाही? भोवंडेल ना तो."

मामीच्या शिवणाच्या डब्यातून काळ्या कापडाची चिंधी काढून त्याने ती स्वतःच कापली. बैलाच्या डोळ्यांवर ती अजून आहे, फेविकॉलच्या एका थेंबाने चिकटवलेली.